चपट्या तोंडाचा सांडस

दादा, तुझ्या दहाव्याला नीरेच्या घाटावर बसायला जागा नव्हती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि ती संपेनात. तुला ओळखणारे बोलले, न ओळखणारे त्याहून जास्त बोलले. शेवटी कुठल्याशा संस्थेचे एक माजी अध्यक्ष उठले, माईकवर फुंकर मारून म्हणाले, "शंकररावांनी लोखंड असू द्या न्हायतर माणूस, एकदा धरलं की सोडलं न्हाय. उभ्या जन्मात त्यांची पकड कधी सुटली न्हाय." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. मला हसू आलं म्हणून मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं रडतेय, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

कधी सुटली नाही म्हणे. एकदा सुटली होती. ते तुला ठाऊक होतं आणि माझ्या डाव्या डोळ्याला ठाऊक आहे. घाटावर बायकांच्या हातात कुणी माईक देत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे बरंच आहे, कारण वाचलं असतंस तर मधेच तोडून म्हणाला असतास, सुमे, आधी चहा टाक.

इंदापूरच्या शाळेत मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण मुलांना सांडस म्हणजे काय ते दर वर्षी नव्यानं सांगावं लागायचं. लोहाराचा लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा, ज्यात तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर ठेवतात. मग एखादी मुलगी म्हणायची, बाई, आमच्याकडं दुधाचं पातेलं उतरवायची सांडशी असते तसला? तसलाच, त्या सांडशीचा थोरला भाऊ. मी सांगायचे की हा शब्द फार जुना आहे. संस्कृतात तो संदंश. दंश म्हणजे चावा आणि सं म्हणजे एकत्र, दोन्ही बाजूंनी एकदम घेतलेला चावा. लोकांच्या तोंडात घोळून घोळून त्याचा सांडस झाला, आणि लहान होऊन चुलीपाशी गेला तेव्हा सांडशी.

हे कोशात पहिल्यांदा सापडलं त्या संध्याकाळी मी तुलाच फोन केला होता, आठवतं? दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजाच नव्हती. तू बारामतीच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉलीला वेल्डिंग करत होतास. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "चावतं त्याला पकड म्हनतात व्हय? सांडस चावला तर लोखंडाला वळ पडतो. कोश लिहिणारा कधी भट्टीवर बसला न्हाय." मग तुझी स्वतःची व्युत्पत्ती काढलीस, की सांडू देत नाही तो सांडस. मी म्हटलं, अरे, असं होत नसतं, शब्दाला वंशावळ असते. तू म्हणालास, वंशावळी आपल्याला नको सांगू, आपण आबांच्या हाताखाली शिकलोय. तासभर भांडलो आपण. तुझं वेल्डिंग पडून राहिलं आणि माझी भाजी करपली.

मग मी हळूच सांगितलं की त्याच शब्दाचे आणखी अर्थ आहेत. खेकड्याच्या नांगीलाही संदंश म्हणायचे. आपला अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून चिमूट करतो, त्यालाही. आणि पुराणात संदंश नावाचा एक नरक आहे, तिथं पाप्यांना तापलेल्या सांडसांनी टोचतात. यावर तू जो हसलास तो मला अजून ऐकू येतो. म्हणालास, "मग लोहाराची जागा तितं पक्कीच की. सांडस धराय माहितगार मानूस लागंलच."

खेकड्याच्या नांगीवर मात्र तू काही बोलला नाहीस. तुला ती दुपार आठवली असणार. सांगवीच्या घाटाखाली दगड उचकटून खेकडे धरायचं तूच मला शिकवलंस. मागून धरायचं, पाठीवर दोन बोटं ठेवून, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. मी घाई केली आणि एका दांडग्या खेकड्यानं माझं बोट धरलं. मी बोंबलत हात झटकायला लागले तसा तू माझं मनगट घट्ट धरलंस. "वढू नगं, सुमे. पान्यात हात घाल. त्यो आपनच सोडतो." मी रडत रडत हात पाण्यात धरला आणि खरंच त्यानं सोडलं. माझ्या बोटाचं रक्त तू तुझ्या सदऱ्याला पुसलंस, आईचा मार खाल्लास आणि माझं नाव सांगितलं नाहीस. तेव्हा तू असा होतास. म्हणून तर पुढचं मला इतकी वर्षं गिळता आलं नाही.

आबांचा खांदा निखळल्यापासून भट्टी आपल्या दोघांवर आली. तू सांडस धरायचास, मी घण मारायचे. लोहाराच्या घरात बाईनं घण मारण्यात नवल काहीच नाही, आईनंही आबांच्या समोर उभं राहून निम्मा जन्म घण मारला. पण बाईच्या हातात सांडस कधी दिला नाही. सांडस धरणारा तो मिस्त्री. कुठं मारायचं ते त्यानं डाव्या हातातलं लोखंड फिरवत उजव्या हातातल्या बारक्या हातोडीनं दाखवायचं आणि समोरच्यानं मुकाट तिथंच मारायचं. मला ते फार आवडायचं, दादा. शाळेत मला कुणी कशात धरत नव्हतं, पण घण उचलला की माझा नेम चुकत नव्हता. तुझी हातोडी जिथं टिचकी मारायची तिथंच माझा घण पडायचा. आबा खाटेवरून नुसता आवाज ऐकून म्हणायचे, पोरीचा घण सरळ पडतोय. माझ्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस ते, आणि पुढं शाळेत मिळालेली बाकीची त्याच्यापुढं मला कधी मोठी वाटली नाहीत.

त्या दिवशी सोमेश्वरनगरकडं निघालेली ऊसतोड्यांची टोळी वाटेत थांबली होती. कोयत्यांचा हा ढीग दारात. आबा कऱ्हाटीला लग्नाला गेलेले. कोयता चपटा, त्याला चपट्या तोंडाचा सांडस. सकाळपासून तोच तुझ्या हातात होता. मधेच एक गवंडी आला, त्याला छिन्नी हवी होती आणि तो घाई करत होता. छिन्नीला गोल गज लागतो. गोल गजाला खाचेच्या तोंडाचा सांडस घ्यायचा, हे आपल्या घरातल्या रांगत्या पोरालाही कळायचं. तो खाचेचा सांडस तुझ्या मागच्या खिळ्यावर लटकत होता. एक हात मागं न्यायचा होता तुला. ऊसतोडे खोळंबले होते, गवंडी डोक्यावर उभा, आणि तू गज तसाच चपट्या सांडसात धरून ऐरणीवर ठेवलास. मी बघितलं. बोलले नाही, कारण घण मारणारानं बोलायचं नसतं.

तू टिचकी मारलीस. मी घण मारला. तिथंच मारला, दादा. सरळ मारला. गज सांडसात गरकन फिरला, लाल तुकडा उडाला आणि मला एकदम उजेड दिसला. त्यानंतर त्या डोळ्यानं मी काही पाहिलं नाही.

आबा आले तेव्हा मी पडवीत पडले होते, तोंडावर ओला पंचा. त्यांनी एकच विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "हिचा घन तिरका पडला."

बस्स. तेवढंच वाक्य. आबांनी पुढं काही विचारलं नाही. भट्टीवर सांडसवाल्याचा शब्द शेवटचा असतो. पुढं दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, हळदकुंकू वाहून झालं, की कुणी ना कुणी पाहुणा माझ्याकडं बघून हळहळायचा आणि घरातलं कुणीतरी सांगायचं, पोरीचा घण तिरका पडला हो. मला बघायला येणाऱ्यांनाही तेच सांगितलं गेलं. ते चहा पिऊन जायचे आणि परत यायचे नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मी शिकले, नोकरी लागली, इंदापुरात स्वतःचं घर केलं, माझं छान चाललंय. डोळा गेला तो मी सोसला. माणूस एका डोळ्यानं हजार वह्या तपासतो, मी तपासल्यात. पण माझा घण तिरका होता, हे मी एक दिवसही सोसलं नाही. माझ्याजवळ माझं म्हणावं असं तेवढंच एक होतं आणि ते तू चार शब्दांत काढून घेतलंस.

वाईट असतास तर सोपं गेलं असतं. तू वाईट नव्हतास. पुण्याच्या दवाखान्यात तूच मला न्यायचास आणि एसटीत खिडकी मला द्यायचास. पुढं कितीतरी वर्षं आपण बाजारात, लग्नात, जत्रेत कुठंही गेलो की तू माझ्या डाव्या बाजूनं चालायचास. तिकडून येणारं माणूस, सायकल, बैल मला दिसत नाही म्हणून. कधी बोलून दाखवलं नाहीस. मी मुद्दाम जागा बदलून बघितली, तर तू पुन्हा फिरून डावीकडं आलास. एवढं सगळं तुला करता आलं. एक वाक्य तेवढं करता आलं नाही.

मी विचारलं नाही असंही नाही. तीनदा-चारदा विषय काढला. एकदा तू म्हणालास, जुनं उकरून काय मिळतं. एकदा हातात फोन नसताना फोन आल्यासारखा उठून गेलास. भांडणात तू नांगी टाकणाऱ्यातला कधीच नव्हतास, सांडस शब्दावर माझ्याशी तासभर भांडलास, पण त्या सांडसाचं नाव काढलं की तुला कामं आठवायची.

मग यंदा तुला झटका आला आणि डावा हात गेला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं तुला कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे दिले. अंगठ्यानं आणि बोटानं चिमटा दाबायचा आणि दोरीला लावायचा, एवढाच व्यायाम. ज्या हातानं दिवसभर सांडस आवळून धरला त्याला गुलाबी चिमटा उघडेना. मी शेजारी बसून एकेक चिमटा तुझ्या बोटांत देत होते. वहिनी भाकरी करत होती. तुझी जीभ थोडी जड होती, पण बोलणं कळत होतं. मला वाटलं आता वेळ आहे, आता कामाचं निमित्त नाही. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी तुझ्या हातात कुठला सांडस होता?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग चिमट्याकडं मान खाली घातलीस, सगळा जोर लावलास आणि तो उघडला. "ह्यो बघ," म्हणालास, "दाबला का न्हाय." मी शाबास म्हटलं. काय म्हणणार होते? पंधरवड्यानं तू गेलास.

आता दहाव्याचं पुरतं सांगते. भाषणं झाली, पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झाले. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले, एक खाली उतरेना. मी शिकलेली बाई, माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. तरी मी त्या बाभळीकडंच बघत होते. तुझा मुलगा पुढं होऊन म्हणाला, पप्पा, वर्कशॉप बंद पडू देणार नाही. कावळा हलला नाही. वहिनी म्हणाली, माझी काळजी करू नका. तिचे भाऊ बोलले. ऊन चढायला लागलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा खुर्चीवर बसलेली आई म्हणाली, "सुमे, तू बोल. त्याचा जीव तुज्यात आडाकलाय."

सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. मी पुढं गेले. मला ठाऊक होतं तुला काय ऐकायचंय, निदान मला तसं वाटलं. आणि खरं सांगू, त्या क्षणी मला तुझी फार दया आली. एवढा मोठा माणूस आणि एका तांदळाच्या गोळ्यापाशी अडकून बसलाय. मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, माजाच घन तिरका पडला व्हता. जा तू आता."

कावळा आला. लगेच आला. त्या कावळ्याचा मला अजून राग आहे. लोकांनी नमस्कार केले आणि मी घाटाच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. तुझ्यासाठीच रडले. जन्मभर जे दिलं नव्हतं ते मी देऊन टाकलं होतं आणि मला हलकंही वाटत होतं.

ते हलकं वाटणं तेराव्यापर्यंत टिकलं. जेवणं आटोपल्यावर वहिनीनं सांगवीच्या घराशेजारची बंद भट्टी उघडली. तुझ्या मुलाला तिथं गाडी लावायला शेड करायची आहे, म्हणून हत्यारं हलवायची होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, आबांची आठवन म्हनून काय पायजे त्ये घ्या." सांडस सगळे ओळीनं गजाला अडकवलेले होते. मी सरळ चपट्याकडं गेले. आबांनी त्याची एक दांडी वाकडी झाल्यावर ठोकून सरळ केली होती, तो पोचा मी झोपेतही ओळखीन. खाली काढला, धूळ पुसली, तोंड उघडलं.

त्याचं तोंड चपटं नव्हतं. दोन्ही जबड्यांना आतून, आडवी, नीट गोल खाच पाडलेली होती. गोल गज बसेल अशी. मी अंगठा आत फिरवला, कुठं कोर लागली नाही. इतकं साफ काम घरात आबांचं नाहीतर तुझंच. वहिनीला विचारलं, ही खाच कधीची? ती म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हापासून सांडस असाच आहे.

आई पडवीत खाटेवर होती. मी सांडस तिच्यापुढं धरला. तिनं हात लावून बघितला, तिला आता नीट दिसत नाही. मग म्हणाली, "तू पुन्याला दवाखान्यात व्हतीस तवाची खाच हाय ही. तुला सोडून आला आनि थेट भट्टीत गेला. एकटाच भाता वढायचा, एकटाच ठोकायचा. आबा वराडलं, पोरगी तितं आंधळी झाली आनि तुला काम सुचतंय. त्यो काय बोलला न्हाय."

मी म्हटलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"आणि तू गप्प राहिलीस?"

आईनं सांडस बाजूला ठेवला. "तुजा डोळा गेला व्हता, त्यो काय परत येनार व्हता? त्याच्या हातावर घर व्हतं, सुमे. सांडस सुटतो म्हनल्यावर त्याच्या दारात कोन आलं असतं?"

घण मारणारीचं नाव गेलं तर घराचं काही जात नव्हतं, एवढाच तो हिशेब. तिच्यावर रागावून उपयोग नाही, ती ऐंशीच्या पुढं आहे आणि तिचा मुलगा नुकताच गेलाय. म्हणून सगळा राग तुझ्यावर काढते. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की तुला खरंच तसं दिसलं असेल. घाईत, धुरात, भीतीनं, माझा घण तिरका पडल्यासारखा दिसला असेल. त्या एका 'असेल'वर मी तुझ्याशी बोलत राहिले, राखी बांधत राहिले, तुझ्या हातात चिमटे देत राहिले. आणि तू मी खाटेवर पट्टी बांधून पडलेली असतानाच जाऊन त्याचं तोंड बदलून आला होतास. पुन्हा कुणाच्या डोळ्यात गज उडू नये म्हणून. किती काळजी रे तुझी. सांडस सुधारलास, दादा. वाक्य सुधारलं नाहीस.

आणि तरीही तू एकटा भाता ओढतोयस आणि एकटाच ठोकतोयस, समोर घण मारायला कुणी नाही, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा माझी आठवण आली असेल तुला. ती खाच पाडताना तू रडला असशील, तुला मी ओळखते. ते रडणं मला दाखवलं असतंस तर मी त्याच दिवशी तुला सोडलं असतं. पाण्यात हात घालायचं तूच शिकवलं होतंस की.

तो सांडस मी इंदापूरला आणलाय. एसटीत कंडक्टरनं विचारलं, मावशी, हे एवढं लोखंड कुठं घेऊन निघालात? मी म्हटलं, भावानं दिलंय. स्वयंपाकघरात सांडशीशेजारच्या खिळ्याला टांगलाय. दूध उतरवताना दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि रोज सकाळी तुझ्याशी नव्यानं भांडण होतं. तुझी ती व्युत्पत्तीही चुकीचीच होती, हे लक्षात ठेव. कोशवाला बरोबर होता. दोन्ही बाजूंनी एकदम चावतो तो सांडस.

तेव्हा दहाव्याला घाटावर जे बोलले ते मी आज परत घेते. कावळा काय करायचं ते करो. माझा घण सरळ पडला होता.

तो संदंश नावाचा नरक खरंच असेल तर तुला तिथं काम मिळालंही असेल, माहितगार माणूस म्हणून. मीही फार पुण्यवान नाही, भेट होईल. पण एक आत्ताच सांगून ठेवते. मी आले की घण तू घ्यायचास. सांडस मी धरणार.